वाचले, पण उमजले का?



इंदुरात हिंदी माध्यमात सातवीत शिकणारा मराठी मुलगा देवनागरी घडाघडा वाचतो. मात्र ‘गुरुजींनी त्याला शिक्षा दिली’ या वाक्यातून त्याला शिक्षणच दिसते. उच्चार शुद्ध, अर्थ निसटलेला!

वाचता येते पण उमजत नाही, अशा सातवीच्याच मुलांसाठी पॅलिन्सर व ब्राउन या अमेरिकेतील विदुषींनी १९८४ साली एक रीत मांडली : पुढील मजकुराचा अंदाज बांधणे, प्रश्न काढणे, अडलेले उलगडणे आणि सार सांगणे. आरंभी शिक्षक हे स्वतः करून दाखवितो. हळूहळू त्याची जागा मुले घेतात. मग ‘शिक्षा’पाशी मूल आपणहून थबकते, मागचेपुढचे वाक्य ताडून पाहते.

शंभर वर्षे जपलेल्या या कपाटांची किल्ली मुलांच्या हाती द्यावयाची, तर बालविभागात आठवड्यातून एक तास तरी असे वाचन व्हावे.