मिरजेत आपलं स्वागत

व्यासपीठावरील मान्यवर, गावोगावहून आलेले डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि बंधू-भगिनींनो,

स्त्रियांच्या हृदयारोग्यावरील या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करते. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय उभारलं. तेव्हापासून पार कर्नाटकातले रुग्णही मिरजेची वाट धरत आले आहेत.

मी डॉक्टर नाही. पण घरात काय घडतं ते रोज पाहते. बाईला धाप लागते, जबडा दुखतो, पाठीत कळ येते, दरदरून घाम फुटतो. ती चिमूटभर ओवा तोंडात टाकते, ‘पित्त झालंय’ म्हणते आणि पोळ्या लाटायला लागते. घरच्यांनाही ते पटतं. तेच घरधन्याच्या छातीत दुखलं, की रिक्षा लगेच दारात! दवाखान्यातही हा भेद होतो. पुरुषासारखा आजार दिसल्याशिवाय बाईला पुरुषाइतके उपचार मिळत नाहीत, हे डॉ. बर्नाडिन हिली यांनी अमेरिकेत १९९१ साली ठणकावून सांगितलं होतं. आपल्याकडे तर बाई दवाखान्याच्या पायरीपर्यंतच उशिरा पोचते.

आशाताई, तुम्हाला एक कळकळीची विनंती. गरोदरपणी कुणाचा रक्तदाब चढतो, कुणाची साखर वाढते. बाळंतीण सुखरूप सुटली, की ते कार्ड कपाटात जातं आणि विषय मिटतो. पण अशा बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका जास्त असतो. ते कार्ड जपायला सांगा. बाळाच्या लसीची तारीख तुम्ही विसरत नाही. तशीच दरवर्षी आईच्या रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी लक्षात ठेवा.

आणि मशेरी. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, डबीत भरून कमरेला खोचायची. सकाळी दातांना, दुपारी जरा तरतरी म्हणून, रात्री झोपताना पुन्हा. हिला आपण व्यसन म्हणतच नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारलं तरी बाई ‘नाही’च सांगते. डॉक्टरांनो, ‘तंबाखू खाता का’ असं विचारू नका. ‘मशेरी लावता का’ असं विचारा.

सभागृहाबाहेर रक्तदाब आणि साखर तपासायची सोय केली आहे. दुपारची पंगत आमचे पुरुष स्वयंसेवक वाढतील. त्या वेळात स्वयंपाक करणाऱ्या सगळ्या ताईंची तपासणी होणार आहे. जेवण पाच-दहा मिनिटं उशिरा मिळालं, तर सांभाळून घ्या.

आता पाहुण्यांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करते.