खेळायलाही बंदी

आज आपण बोलणार आहोत सरकारनं बंद केलेल्या लढाऊ खेळांबद्दल. तुम्ही म्हणाल, बंदी दारूवर असते, जुगारावर असते, खेळावर कसली? पण ब्राझील देशात हे घडलं, आणि तेही दोन वेळा. दुसऱ्या वेळी तर बंदी फक्त बायकांवर होती.

पहिली गोष्ट ऐका. आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेल्या माणसांना ब्राझीलमध्ये उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबवत. या लोकांमधून कापोएरा नावाची कला उभी राहिली. लाथा मारायच्या, गिरकी घ्यायची, वार चुकवायचा. सोबत वाद्य, गाणी आणि टाळ्या. बघणाऱ्याला नाच वाटावा, पण वेळ आली तर जीव वाचवणारी लढाई.

१८८८ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली. आणि दोनच वर्षांनी, १८९० साली, नव्या दंडसंहितेत रस्त्यावर, चौकात कापोएरा करणं गुन्हा ठरलं. शिक्षा दोन ते सहा महिने कैद. शहरात काही टोळ्या वस्तरे घेऊन मारामाऱ्या करायच्या, हे खरं आहे. पण मारामारी करणाऱ्याला धरणं वेगळं आणि कलाच गुन्हा ठरवणं वेगळं. काल गुलाम होता तो आज अंगात बळ घेऊन मोकळा फिरतोय, याचीच धास्ती जास्त होती, असं आम्हाला वाटतं.

कला मात्र मेली नाही. घोड्यावरचे पोलीस येताहेत हे सांगायला वाद्याचा एक वेगळा ठेकाच होता! पुढं साल्व्हाडोर शहरात बिम्बा नावाच्या गुरूनं रीतसर शाळा काढली आणि १९३७ साली तिला सरकारी मान्यता मिळाली. २०१४ साली युनेस्कोनं कापोएराला जगाचा वारसा म्हणून मान दिला. ज्यासाठी तुरुंग होता, त्याचाच आता मान!

आता दुसरी गोष्ट. १९४१ साली ब्राझीलमध्ये हुकूम निघाला, की बायकांच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ बायकांनी खेळायचे नाहीत. १९६५ साली यादीच आली. फुटबॉल नको, वजन उचलणं नको, आणि कुठल्याही प्रकारची कुस्ती-लढत नको. म्हणजे ज्युदोही नको.

गंमत बघा. डोक्यावर हंडा, कडेवर पोर, पाठीवर मोळी, हे प्रकृतीला मानवतं. पण अंगावर आलेल्याला खाली पाडायला शिकणं मानवत नाही! बंदी घालणारा नेहमी म्हणतो, तुमच्या भल्यासाठीच करतोय. ते भलं आपल्याला विचारून ठरवलं का, एवढंच बघायचं.

तिथल्या मुली लपूनछपून शिकत राहिल्या. १९७९ साली दक्षिण अमेरिकेच्या ज्युदो स्पर्धेला मुली गेल्या, तेव्हा कागदावर त्यांची नावं पुरुषांची लिहिली होती. त्याच वर्षी बंदी उठली.

त्यानंतर काय झालं? २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सारा मेनेझेसनं ज्युदोत सुवर्णपदक जिंकलं. २०१६ साली रिओ शहरातल्या गरीब वस्तीत वाढलेल्या राफाएला सिल्व्हानं आपल्याच गावच्या ऑलिम्पिकमध्ये सोनं घेतलं. २०२४ साली पॅरिसला बिआत्रिझ सोझानं. बंदी राहिली असती तर या तिघींना आखाड्यात पायही ठेवता आला नसता.

आपल्याकडं आज असा कायदा नाही. पण कायदा नसला तरी बंदी असते. "पोरीच्या जातीला हे शोभत नाही", "हात-पाय मोडला तर लग्न कसं होईल", "अंधार पडायच्या आत घरी ये". ही बंदी कुठल्या कागदावर लिहिलेली नसते, म्हणून ती उठवायला कोर्टातही जाता येत नाही. ती आपल्यालाच उठवावी लागते, आणि कधी कधी ती आपल्याच तोंडून निघते.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं बोला: आपल्या शाळेत मुलींना लाठी, कुस्ती, ज्युदो, कराटे यातलं काही शिकवतात का? मैदानावर मुलींसाठी ठरलेली वेळ आहे का? नसेल तर ग्रामसभेत विषय मांडा. एकटीनं नको, चार-पाच जणी मिळून उभ्या राहा.