आरामाचा माऊस की औषधाचा माऊस?

इअरफोन बसवले? चला, सुरू करू.

इन्स्टाग्राम उघडलं की हल्ली तो उभा माऊस दिसतोच. कुणाशी तरी हात मिळवतोय असा धरायचा. माझ्या टेबलावरही एक आहे, मला आवडतो, तेव्हा त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे जाहिरातीतल्या एका ओळीशी. ‘हाताला आराम’ म्हणा ना, कोण अडवतंय? गादीबद्दलही आपण तेच म्हणतो. पण ‘कार्पल टनेल बरा होतो’ म्हटलं, की तुम्ही माऊस नाही, औषध विकताय. मग औषधाला विचारतो तो प्रश्न विचारायचा : पुरावा काय?

आधी कार्पल टनेल म्हणजे काय ते बघू. मनगटात हाडांचा एक छोटा बोगदा असतो. त्यातून 9 स्नायुरज्जू जातात आणि सोबत मीडियन नर्व्ह नावाची नस. जागा कमी पडली की नस दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं, रात्री मुंग्यांनी जाग येते. करंगळी बहुतेक वेळा सुटते, कारण तिची नस वेगळ्या वाटेने जाते. यामागे मधुमेह असू शकतो, थायरॉईड असू शकतो, गरोदरपण असू शकतं. आता सांगा, माऊस तिरका करून थायरॉईड कसा हलणार?

बरं, कॉम्प्युटरमुळेच हे होतं हेसुद्धा वाटतं तितकं पक्कं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तिथल्याच कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना तपासलं. 2001 मध्ये निष्कर्ष छापून आले : नसेच्या चाचणीत आजार पक्का ठरला तो फक्त 3.5 टक्क्यांत. म्हणजे साधारण लोकांत आढळतो तेवढाच.

“अरे, पण मला फरक पडला!” पडला असेल, मी खोटं म्हणत नाही. पण वस्तू आपण कधी मागवतो? दुखणं अगदी टोकाला गेलं की. आणि टोकाला गेलेलं दुखणं बऱ्याचदा आपसूकच थोडं खाली येतं. नेमकं तेव्हाच कुरिअर दारात येतं, आणि श्रेय जातं खोक्याला.

क्यू-रे नावाच्या ब्रेसलेटची गोष्ट ऐका. ‘आयन’वालं, वेदना पळवणारं. मेयो क्लिनिकमध्येच 610 जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांना खरं, निम्म्यांना दिसायला तसंच पण साधं ब्रेसलेट. चार आठवड्यांनी दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि सारखंच! 2006 मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने कंपनीचे दावे फसवे ठरवले, 2008 मध्ये अपिलातही तेच टिकलं. आपल्याकडे तर तावीज-कवचाने रोग बरा होतो अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. चार्जिंगवर चालणारं कवच मात्र आरामात विकलं जातं.

आता न्याय म्हणून दुसरी बाजू. 2018 च्या कोक्रेन आढाव्यात हाताला आधार देणारी पट्टी आणि वेगळा माऊस, या जोडीने मान-खांद्याचा त्रास कमी होऊ शकतो असं दिसलं. नुसत्या माऊसचं तसं काही ठामपणे दिसलं नाही. आणि मान-खांदा म्हणजे मनगटातली नस नव्हे, बरं का.

पैसे गेले तर गेले हो, ते परत मिळवता येतात. मला काळजी त्या सहा महिन्यांची आहे, जे ‘हा माऊस वापरून बघू, मग तो’ यात जातात. नस तशीच दाबलेली राहिली तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट व्हायला लागतो. शर्टाचं बटण लावता येत नाही, कप हातातून सुटतो. मग ऑपरेशन केलं तरी गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. लवकर गेलात तर अनेकदा रात्री मनगट सरळ ठेवणाऱ्या साध्या पट्ट्यावर भागतं.

तेव्हा बोटं बधिर होत असतील तर कार्ट बंद करा आणि मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा : कोणती बोटं, करंगळी धरून की सोडून, रात्री जाग येते का, किती आठवडे झाले. तो मोबाईल घेऊन डॉक्टरांकडे जा. भेटू पुढच्या भागात.