रोमन नाण्यांची दुसरी बाजू



‘दीनार’ हा शब्द आपल्याला परका नाही. तो अरबीत आला तो रोमच्या ‘देनारिअस’ या चांदीच्या नाण्यावरून, ग्रीक भाषेच्या मार्गाने. आज त्या मूळ नाण्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

इ. स. पूर्व २११ च्या सुमारास देनारिअस प्रचारात आले. एका बाजूस शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, तर दुसऱ्या बाजूस दोन जुळे घोडेस्वार. त्या काळी वर्तमानपत्रे नव्हती. राज्यकर्त्यांचे म्हणणे नाणेच हातोहात पोहोचवी आणि निरक्षरालाही चित्र समजे.

इ. स. पूर्व ४४ मध्ये सीझरचा खून झाला. पुढे इ. स. पूर्व ४२ मध्ये मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने दोन खंजीर व मध्ये एक टोपी असे नाणे पाडले. मुक्त केलेल्या गुलामाला तशी टोपी मिळत असे. ‘आम्ही रोमला स्वातंत्र्य दिले,’ हा त्याचा अर्थ. पण नाणे उलटून पाहा. तेथे खुद्द ब्रूटसचाच चेहरा आहे!

इ. स. २०२ मध्ये कॅराकॅलाचा प्लाउटिलाशी विवाह झाला. नाण्यावर दोघे हातात हात देऊन उभे आणि भोवती अक्षरे ‘चिरंतन ऐक्य’. तीनच वर्षांत तिला हद्दपार केले गेले; पुढे कॅराकॅलाच्याच हुकुमाने तिचा वध झाला.

चित्राप्रमाणे धातूही बोलतो. ऑगस्टसच्या वेळी चांदी जवळजवळ शुद्ध होती. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने तिच्यात भेसळ वाढविली. गॅलिएनसच्या कारकिर्दीअखेर, म्हणजे इ. स. २६८ पर्यंत, ‘चांदीच्या’ नाण्यात शेकडा पाच भागही चांदी उरली नव्हती. तरीही त्यावर सचोटीची देवता हाती तराजू घेऊन उभीच होती!

सोनार नक्षीवर भुलत नाही, कसोटीवर कस पाहतो. विद्यार्थी मित्रांनो, पुस्तक, भाषण वा जाहिरात समोर आली की हेच करा. हे कोण सांगतो, कशासाठी सांगतो आणि त्यात चांदी किती, हे विचारा. आणि पालकहो, मुलाने असा प्रश्न घरी विचारला, तर त्याला गप्प बसवू नका. तो प्रश्न हीच त्याच्या शिक्षणाची खरी कमाई आहे.