टेबलाचं भाडं

(लहान बचतदारांच्या मेळाव्यात जबलपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)

मी बचतीचा जाणकार नाही. तुमच्यातल्या कित्येक ताई आणि काका माझ्यापेक्षा चांगली बचत करतात. मी फॅक्टरीत नोकरी करतो, रांझीकडे राहतो आणि जानेवारी 2023 ते ऑगस्ट 2025 अशी दोन वर्षं आठ महिने मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळलो. त्या काळात मला जो हिशेब कधी करावासा वाटला नाही, तो आज तुमच्यासमोर करणार आहे. तुम्ही पोकर खेळत नसाल, पण तुमच्या घरात मोबाइल आहे आणि तुमच्या खात्यात थोडेफार पैसे आहेत. तेवढं पुरेसं आहे.

सुरुवात कशी झाली?

आपल्याकडे पत्त्यांचं वावडं नाही. सुट्टीत मेंढीकोट, पावसाळ्यात रमी, दिवाळीत तीन पत्ती. दोन-पाच रुपयांवर खेळायचं आणि शेवटी सगळ्या पैशांची भजी मागवायची. एका सहकाऱ्याने मोबाइलवर पोकर दाखवलं आणि म्हणाला, "ये जुआ नहीं है भाई, दिमाग का खेल है." ॲपने पहिल्या भरण्यावर तेवढाच बोनस दिला. 500 भरले, 1000 दिसले. बोनसचे पैसे खेळत राहिलं तरच थोडे थोडे मोकळे होतात, हे नंतर कळलं.

दुसऱ्या पाळीहून घरी आलो की अकरा वाजलेले असायचे. घरचे झोपलेले. जेवण उरकून तासभर खेळायचं, असं ठरवलेलं. तासाचे अडीच तास कधी झाले ते आठवत नाही. मला मात्र बरं वाटायचं. दिवसभर मशीनवर उभं राहिल्यावर डोकं चालवायला मिळतंय, असं वाटायचं. हे सांगितलं पाहिजे, कारण खेळणारा माणूस लोभी असतो असं आपण समजतो. मला पैशांपेक्षा आपण हुशार आहोत हे वाटणं जास्त आवडत होतं.

पैसे जातात कुठे?

पोकरमध्ये तुम्ही ॲपशी खेळत नाही. समोर तुमच्यासारखेच पाच जण असतात. एकाचं गेलं ते दुसऱ्याला मिळतं. मग मला वाटायचं, आज माझं गेलं तर उद्या दुसऱ्याचं माझ्याकडे येईल. पैसा फिरत राहील.

हे का चुकतं, ते समजायला आपल्या गावचंच उदाहरण घेऊ. स्नूकर हा खेळ 1875 साली इथल्याच ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मला असं मानलं जातं. आता एखाद्या स्नूकर पार्लरमध्ये जा. दोघं खेळतात, एक जिंकतो, एक हरतो. पण टेबलाचं भाडं तासावर चालू असतं. कोण जिंकलं याच्याशी पार्लरवाल्याला कर्तव्य नाही. तुम्ही टेबलाशी किती वेळ थांबता, एवढंच तो बघतो.

पोकरच्या ॲपवर या भाड्याला रेक म्हणतात. डावात जमलेल्या रकमेतून ठरावीक टक्के कापले जातात. मी खेळायचो तिथे पाच टक्के कापत. पाच टक्के म्हटलं की कमी वाटतं. आता हिशेब करू. समजा, सहा जण प्रत्येकी 500 रुपये घेऊन बसले. टेबलावर 3000 रुपये. दर डावात सरासरी 200 रुपये जमतात, म्हणजे कापले 10 रुपये. मोबाइलवर पत्ते पिसायचे नसतात, वाटायचे नसतात. तासाला 60 डाव सहज होतात. म्हणजे तासाला 600 रुपये. पाच तासांत 3000 रुपये. टेबलावर होते तेवढे सगळे.

सहा जणांपैकी कोण हुशार होतं, कुणाला पत्ते चांगले आले, याने या हिशेबात काही फरक पडत नाही. पाच तासांनी टेबल रिकामं व्हायला हवं. ते होत नाही, कारण दर थोड्या वेळाने आपल्यापैकी कुणीतरी पुन्हा 500 भरतो.

यात कौशल्य नाही का? आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं होतं, आणि पोकरवाले तोच आधार सांगत आले. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं होतं, की पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लब नफा किंवा कमाई करत असेल तर गुन्हा ठरू शकतो. न्यायालयाची नजर टेबलाच्या मालकाकडे गेली होती. माझी अडीच वर्षं गेली नाही. शिवाय कौशल्य असलेली माणसं असतातच. काही जण चार-चार टेबलांवर एकाच वेळी खेळतात, तोच त्यांचा धंदा असतो. दमून आलेला, अर्धवट झोपेत खेळणारा माझ्यासारखा माणूस हे त्यांचं गिऱ्हाईक. भाडं भरूनही त्यांना काही उरायला हवं, तर ते माझ्याकडूनच येणार.

त्यात 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला. तुम्ही दिलेल्या 1000 रुपयांत कर धरलेला असेल, तर 218 रुपये 75 पैसे पहिला पत्ता पडण्याआधीच गेले.

जिंकलेली रात्र

2023 च्या दिवाळीत मी एक स्पर्धा जिंकली. 38,000 रुपये लगेच बँकेत काढून घेतले. घरी सांगितलं, बोनस मिळाला. बायकोला साडी, मुलीला टॅब. तो माझ्या आयुष्यातला फार आनंदाचा दिवस होता, हे खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी मला आणखी एका गोष्टीचा आनंद झाला. एप्रिल 2023 पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर कापून घेण्याचा नियम आला होता. मला वाटलं होतं, अकरा-साडेअकरा हजार जातील. एक पैसाही कापला नाही! मी म्हटलं, नशीब जोरावर आहे.

कर का कापला नाही, ते मला पावणेदोन वर्षांनी कळलं. करासाठी 'निव्वळ जिंकलेली रक्कम' कशी काढतात? त्या आर्थिक वर्षात तुम्ही खेळातून किती काढले, त्यातून तुम्ही किती भरले ते वजा करायचं. वर्षाच्या सुरुवातीला ॲपमध्ये शिल्लक असलेली रक्कमही वजा करायची. मी एप्रिलपासून तोवर 62,000 भरले होते. आधीचे 9,000 आणि हे 38,000 धरून काढले होते 47,000. म्हणजे जिंकल्याच्या रात्रीसुद्धा मी 15,000 रुपयांनी मागे होतो. सरकारचा नियम मला सांगत होता, की बाबा, तू हरलेला आहेस. तुझ्याकडून कर घ्यायला काही नाहीच. आणि मी पेढे वाटत होतो.

ॲपवर सगळं दिसायचं. किती डाव जिंकलो, कुठल्या दर्जाला पोचलो, पुढच्या बक्षिसाला किती गुण कमी आहेत. भरले किती आणि काढले किती, यांची वजाबाकी मात्र समोर कधी आली नाही. ती मी स्वतःही केली नाही. जिंकलेल्या रात्री लक्षात राहतात. 500 रुपयांचं भरणं लक्षात राहत नाही.

पोस्टातली आरडी

जानेवारी 2021 मध्ये मुलीच्या कॉलेजसाठी पोस्टात महिना 2000 रुपयांची आरडी उघडली होती. व्याज 5.8 टक्के. पाच वर्षांची मुदत. जून 2024 मध्ये मी ती मोडली. 41 हप्ते, 82,000 रुपये भरून झाले होते. पोस्टाची आरडी तीन वर्षांनंतर मोडता येते, पण मग व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं, म्हणजे 4 टक्क्यांनी. घरी सांगितलं, बँकेत जास्त व्याज मिळतंय म्हणून एफडी केली.

एफडी नव्हती. खेळातलं आधीचं नुकसान भरून काढायचं, मग एफडी करायची, असा बेत होता. बेत म्हणजे काय, स्वतःला दिलेली थाप.

ऑगस्ट 2025 मध्ये मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि बायकोने एफडीची पावती मागितली. एक दिवस म्हटलं लॉकरमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं बँक बंद आहे. तिसऱ्या दिवशी तीच बँकेत जाऊन पासबुक भरून घेऊन आली. मशीनने पानामागून पान छापलं. घरी येऊन तिने पासबुक माझ्यापुढे ठेवलं आणि एवढंच विचारलं, "हे रोजचे पाचशे कुणाला देता?"

ती रडली नाही, ओरडली नाही. वही घेतली आणि म्हणाली, एक-एक ओळ वाचा. दोन रात्री आम्ही बसलो. ज्या टेबलावर मी खेळायचो त्याच टेबलावर. एकूण 412 वेळा पैसे भरले होते.

भरले: 3,46,500 रुपये.
काढले: 1,61,200 रुपये.
गेले: 1,85,300 रुपये.

त्या दिवसापर्यंत कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं, की मी जवळपास बरोबरीत आहे. महिन्याला सुमारे 5,800 रुपये जात होते आणि मला पत्ता नव्हता.

मुलीची फी भरायला पतसंस्थेतून एक लाखाचं कर्ज काढलं. 12 टक्के व्याज, 24 हप्ते, महिना 4,707 रुपये. ऑक्टोबर 2025 पासून हप्ता सुरू आहे. व्याजाचेच सुमारे 13,000 जातील. मुलीला सगळं सांगितलं. तिने टॅब माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हा विकून टाका." विकला नाही. पण ते वाक्य मला रोज ऐकू येतं.

आता तर बंदी आहे ना?

आहे. ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायद्याला आव्हान दिलं गेलं आहे. आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयासह तीन उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये स्वतःकडे घेतल्या.

माझ्या मोबाइलवरचं पैशांचं टेबल त्याच आठवड्यात बंद झालं. पुढच्या आठवड्यात अनोळखी नंबरांवरून लिंक येऊ लागल्या: परदेशातलं ॲप आहे, इथे भरा, दुप्पट घ्या. तिथे तर रेक किती कापतात हेही कळायला मार्ग नाही, आणि पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार? काही जण सांगतात, तुमचं खातं महिनाभर वापरायला द्या, कमिशन देतो. असं खातं चुकूनही देऊ नका. त्यातून फसवणुकीचा पैसा फिरला तर पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

तुम्ही काय कराल?

पहिलं: आज घरी जाऊन पासबुक भरून घ्या. मोबाइलवरचं शेवटचं पान नाही, पूर्ण वर्षाचं. ज्या नावाने वारंवार पैसे गेलेत, त्यापुढे खूण करा. खेळ असो, शेअरचे सौदे असोत की झटपट नफ्याची योजना असो, तीनच ओळी लिहा: भरले किती, परत आले किती, फरक किती. स्क्रीनवर दिसणारी शिल्लक धरू नका. बँकेत आले तेच आले.

दुसरं: बचतीचं खातं वेगळं ठेवा आणि ते यूपीआयला जोडू नका. रोजच्या खर्चाच्या खात्यात महिन्याचं लागेल तेवढंच. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी बघा, नको ते रद्द करा. रोजची मर्यादा कमी करून घ्या.

तिसरं: घरातल्या एका माणसाला सगळी खाती माहीत असू द्या. मी 412 वेळा एकट्याने पैसे भरले. एकदाही कुणाला सांगून भरले असते, तर 413 वी वेळ सोडा, दहावी वेळही आली नसती.

चौथं: फसवणूक झाली तर लगेच 1930 वर फोन करा. जितका लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आणि खेळ सुटत नसेल, झोप लागत नसेल, तर टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालू असतो. मी तिथे फोन केला आहे. लाज वाटली, पण लाज 1,85,300 रुपयांपेक्षा स्वस्त पडली.

शेवटचं. ऑक्टोबर 2023 पासून पोस्टाच्या आरडीला 6.7 टक्के व्याज आहे. महिना 1000 भरले तर पाच वर्षांत 60,000 चे 71,366 होतात. यात हुशारी दाखवायला काही जागा नाही, म्हणूनच मला ती कंटाळवाणी वाटायची. गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा एक उघडली आहे. महिना 500 रुपये, तेवढेच जमतात. या वेळी खातं बायकोच्या नावावर आहे, आणि हप्ता भरायला मी जातो.