मनगटावरील घड्याळ आणि छातीतील हृदय

(ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सभागृहात येताना मी सहज आपल्या मनगटांकडे पाहत होतो. पाच-सहा वर्षांपूर्वी अशा मेळाव्यात एखाद्याच्याच हातावर दिसणारे काळ्या काचेचे घड्याळ आज पुष्कळांच्या हातावर आहे. कोणाला ते मुलाने बंगळूरहून पाठविले, कोणाला नातीने वाढदिवसाला दिले. आमच्या पिढीला घड्याळाला रोज सकाळी किल्ली द्यावी लागे, या घड्याळाला वीज द्यावी लागते. फरक एवढाच असता तर मला आज येथे बोलावण्याचे कारण नव्हते. जुने घड्याळ केवळ वेळ सांगत असे. हे नवे घड्याळ आपली नाडी मोजते, पावले मोजते, झोप मोजते आणि त्याविषयी मतही देते. त्या मतावर किती विसंबावे, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम हे घड्याळ नाडी कशी मोजते ते पाहू. घड्याळ काढून त्याची पाठ पाहिली तर तेथे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मनगटाच्या त्वचेखाली रक्ताची एक लाट येते, त्या क्षणी प्रकाश अधिक शोषला जातो व परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. लाट ओसरली की तो पुन्हा वाढतो. हा चढउतार मोजला की नाडी कळते. तत्त्व नवे नाही. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ हर्ट्झमन यांनी १९३७-३८ च्या सुमारासच प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेतील रक्तप्रवाह टिपण्याची पद्धत वर्णन केली होती. नवे आहे ते हे की, हे सारे आता दोन बोटे रुंदीच्या डबीत मावते.

स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी ही घड्याळे बऱ्यापैकी अचूक मोजतात. तथापि घड्याळ त्वचेला नीट टेकलेले असले पाहिजे. बांगड्यांच्या मागे-पुढे सैलसर अडकविलेले घड्याळ भलतेच आकडे दाखविते. आणखी एक गोष्ट परदेशी माहितीपत्रकात एका ओळीत येते, पण आपल्याकडे ती महत्त्वाची आहे. त्वचेत मुरलेली शाई हा प्रकाश अडवू शकते. आपल्या खेड्यांतील कित्येक वयस्क स्त्रियांच्या हातांवर गोंदण असते. अशा आजींच्या मनगटावर घड्याळ गप्प बसले किंवा विचित्र बोलू लागले, तर दोष आजींच्या हृदयाचा नसून गोंदणाचा असू शकतो. त्यांनी दुसऱ्या हातावर, मोकळ्या त्वचेवर ते बांधून पाहावे.

रक्तातील प्राणवायूचे मापन याहून नाजूक आहे. जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ज्या तत्त्वाचा शोध लावला, त्यावर चालणारा ऑक्सिमीटर २०२०-२१ च्या कोविडच्या साथीत आपल्या घराघरांत पोहोचला. बोटावरच्या चिमट्यात प्रकाश बोटातून आरपार जातो. मनगटातून तो आरपार जाऊ शकत नाही, परावर्तित प्रकाशावरच काम भागवावे लागते, म्हणून चुकीला वाव अधिक. शिवाय डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, रुग्णालयांतील बोटावरच्या ऑक्सिमीटरनीसुद्धा कृष्णवर्णीय रुग्णांमधील प्राणवायूची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा नजरेआड केली होती. आपल्यापैकी बहुतेकांचा वर्ण सावळा आहे, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा.

पावलांविषयी थोडक्यात सांगतो. रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, हा दंडक कोणा वैद्याने घातलेला नाही. १९६५ मध्ये जपानात पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले, त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असे होते. तेथून तो आकडा जगभर गेला. सरासरी बहात्तर वर्षे वयाच्या स्त्रियांचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा कमी आढळले आणि ७,५०० च्या पुढे विशेष भर पडत नव्हती. तेव्हा गुडघे दुखत असताना केवळ आकडा पुरा करण्यासाठी रात्री घरातल्या घरात येरझाऱ्या घालणाऱ्यांनी स्वतःवर थोडी दया करावी. घड्याळाला पाऊल दिसत नाही, हाताची हालचाल तेवढी कळते. डोक्यावरचा हंडा एका हाताने सावरीत विहिरीवरून येणाऱ्या बाईच्या त्या हातावर घड्याळ असेल, तर तिचे श्रम त्याच्या हिशेबात कमीच धरले जातील. खर्च झालेल्या उष्मांकांचा आकडा तर मनोरंजन म्हणूनच पाहावा. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सात उपकरणे तपासली. त्यांतील सर्वांत चांगल्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के निघाली, सर्वांत वाईटाची ९३ टक्के.

दंडाला पट्टा न बांधता रक्तदाब सांगणाऱ्या घड्याळांच्या भरवशावर औषधाची गोळी कमी-जास्त करू नये. युरोपातील उच्च रक्तदाबविषयक संस्थेने २०२३ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत अशी बिनपट्ट्याची उपकरणे निदानासाठी व उपचारासाठी वापरू नयेत, असे सांगितले आहे. आणि सुई न टोचता रक्तातील साखर सांगतो म्हणणारे घड्याळ किंवा अंगठी कोणी विकू लागला, तर त्याला नम्रपणे नमस्कार करावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन टोचून घेणे जिवावर बेतू शकते.

हे सर्व ऐकून आपल्याला वाटेल की, वक्ता या घड्याळांचा वैरी आहे. तसे नाही. एक काम ही घड्याळे खरोखर मोलाचे करतात. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ नावाच्या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते, तेथे रक्त साकळून गुठळी होते, ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. या विकाराने अर्धांगवायूचा धोका सुमारे पाचपट होतो. पुष्कळदा रुग्णाला काहीही जाणवत नाही. शिवाय ही बिघडलेली लय येते आणि जाते, डॉक्टरांपुढे बसला की रुग्ण नेमका ठीक असतो. रात्रंदिवस मनगटावर पहारा करणारे उपकरण येथे उपयोगी पडते. अमेरिकेतील चार लाख एकोणीस हजार लोकांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे अर्ध्या टक्का लोकांना अनियमित नाडीची सूचना मिळाली, आणि त्यांतील ज्यांची पुढे छातीवर पट्टी लावून तपासणी झाली त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांमध्ये हा विकार सापडला. माझ्याकडे एक वृद्ध भगिनी अशाच सूचनेमुळे आल्या. ईसीजीत विकार दिसला, रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू झाले. घड्याळाने त्यांना वैद्याच्या दारापर्यंत आणले, हे त्याचे श्रेय.

आता दुसरी हकीकत, जिच्यासाठी मी हे निमंत्रण स्वीकारले. साठी उलटलेले एक निवृत्त मुख्याध्यापक. पहाटे साडेचारला त्यांना छातीत दडपल्यासारखे वाटून जाग आली. जबडा दुखत होता, घाम सुटला होता. पत्नी म्हणाली, “अहो, डॉक्टरांना फोन करू का?” गुरुजींनी मनगटाकडे पाहिले. नाडी ७८, प्राणवायू ९७. घड्याळावर बोट ठेवून त्यांनी हृदयाचा आलेखही काढला, खाली अक्षरे आली की लय नियमित आहे. “सगळे ठीक दिसते आहे, पित्त झाले असेल,” असे म्हणून ते पडून राहिले. नऊ वाजेपर्यंत त्यांनी तो आलेख पुन्हा पुन्हा काढला. साडेदहाला ते माझ्यासमोर आले तेव्हा सहा तास उलटले होते.

घड्याळ खोटे बोलले नव्हते. लय खरोखरच नियमित होती. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीने बंद होते आणि स्नायू मरू लागतो. लय मात्र कित्येकदा तशीच चालू राहते. दवाखान्यात आम्ही हातापायांना व छातीवर मिळून दहा ठिकाणी तारा लावून हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतो, तरीही कधी कधी रक्ततपासणीवाचून निर्णय होत नाही. घड्याळ एकाच बाजूने पाहते. हे उपकरण हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही, असे असा आलेख काढणाऱ्या घड्याळाच्या माहितीत निर्मात्यांनीच लिहिलेले असते. गुरुजींनी ते वाचले नव्हते. खरे सांगायचे तर मीही तोपर्यंत कोणाला सांगितले नव्हते. गुरुजी वाचले, परंतु हृदयाचा बराच भाग कायमचा दुबळा झाला. आता एक जिना चढताना त्यांना मध्येच थांबावे लागते.

म्हणून छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकाएकी धाप, यांपैकी काही जाणवले तर मनगटाकडे पाहू नका. १०८ क्रमांक फिरवा, रुग्णवाहिका विनामूल्य येते. मधुमेही व्यक्तींना आणि स्त्रियांना वेदना सौम्य असू शकते, त्यांनी तर अधिकच तत्पर राहावे.

पडल्यावर आपोआप नातलगांना कळविणाऱ्या सोयीबद्दल काहींनी चिठ्ठ्या पाठविल्या आहेत. सोय चांगली आहे. पण बहुतेक घड्याळांना जवळ मोबाइल लागतो, मोबाइलला रेंज लागते, आणि वृद्ध माणसे ज्या न्हाणीघरात हमखास घसरतात तेथे जाताना घड्याळ खुंटीवर असते. न्हाणीघरात भिंतीला एक दांडी बसवून घ्या.

आता थोडा वेळ प्रात्यक्षिकासाठी ठेवला आहे. ज्यांच्या हातावर घड्याळ आहे त्यांनी दुसऱ्या हाताची तीन बोटे अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर ठेवावीत, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी आणि मग आपल्या घड्याळाचा आकडा पाहावा. ज्यांना ठोके मध्येच चुकल्यासारखे वाटतील त्यांनी घाबरू नये, सभा संपल्यावर मला भेटावे. मी ईसीजीचे यंत्र बरोबर आणले आहे.