हातच्या कांकणाला आरसा



सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तरुणाला नोकरीची काय वाण, असे आपण समजतो. त्याचे दुःख निराळेच आहे: काम एक आणि परीक्षा भलत्याच गोष्टीची.

मॅक्स हॉवेल यांनी २००९ साली 'होमब्रू' रचले. मॅक संगणकावर इतर सॉफ्टवेअर बसविण्याचे हे साधन जगभर वापरले जाते. २०१५ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले की, गूगलने आपल्याला मुलाखतीत नाकारले. तेथील बहुसंख्य इंजिनिअर त्यांचे साधन वापरीत, असे त्यांचे म्हणणे. पण फळ्यावर 'बायनरी ट्री' उलटी करणे, म्हणजे माहितीच्या दुशाखी मांडणीतील डाव्या-उजव्या फांद्यांची अदलाबदल करणे, त्यांना साधले नाही, असेही त्यांनीच तेव्हा सांगितले!

कंपनीचीही बाजू आहे. अर्ज ढीगभर, वेळ थोडा. सर्वांना एकाच मापाने मोजणे सोयीचे आणि न्याय्यही वाटते. परंतु फळ्यापुढच्या अर्ध्या तासात दिसतो तो सराव आणि धीटपणा. महिनोन् महिने चिकाटीने चुका शोधून दुरुस्त करण्याचा गुण तेथे कसा दिसावा?

म्हणून माझे म्हणणे एवढेच: उमेदवाराने केलेले काम उघडून पाहा, त्यावरच त्याला खोदून विचारा, आणि नकार द्यायचा तर कारण सांगून द्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला?